गाझाचं कापड

४ ऑगस्ट
गॉजचं शेवटचं थान आज काढलं. वॉर्डातल्या शेवंतामावशीनं कापलं, मी घड्या घातल्या, कडा आत. सुटा दोरा जखमेत राहिला तर पू धरतो. डॉ.ना पावसाआधीपासून सांगतेय, ऑर्डर द्या. "हो सिस्टर, देतो." दवाखान्याची काचेची नवी पाटी मात्र झटक्यात आली.
खाट ३, बुधियाबाई. शुगर, पायाचं एक बोट काढलंय. ड्रेसिंग रोज झालं नाही तर पाऊल जाईल.

६ ऑगस्ट
लेकीचा, पल्लवीचा नागपूरहून फोन. पोरगी फार्मसीत काय काय शिकते! म्हणे, गॉज हा शब्द गाझा शहरावरून आला. तिथं झिरझिरीत कापड विणायचे. फ्रेंचांनी कापडाला गावाचंच नाव दिलं, त्यांच्याकडून ते इंग्रजांनी उचललं, इंग्रजांकडून आपण. काही विद्वानांना पटत नाही, असंही म्हणाली. मला पटलं. बावीस वर्षं दिवसातून शंभरदा त्या गावाचं नाव घेतेय आणि...

७ ऑगस्ट
हॉलमधल्या टीव्हीवर तेच गाव. पोराच्या डोक्याला चादरीचा तुकडा बांधून बाप धावतोय. कंपाउंडरनं चॅनल बदललं. "सिस्टर, अपना क्या लेना-देना?" भडकलेच. तुझ्या ट्रेमध्ये काय आहे रे? त्यांच्या नावाचं कापड जगभर जखमांना, आणि त्यांच्याच लेकरांना चादर? पेशंट बघत राहिले. बघू देत.

९ ऑगस्ट
निर्जंतुक गॉजचा ड्रम रिकामा. नाल्याला पूर, देवरीची बस बंद, जवळ मेडिकल नाही. बुधियाबाईचं ड्रेसिंग राहिलं. डॉ. म्हणाले, "नातेवाइकांना सुती कापड आणायला सांगा, उकळून घ्या." लाज कशी वाटत नाही! तिथं बॉम्ब पडतायत. इथं नुसता आळस. तोंडावर बोलले. नोकरी गेली तर मुर्रीला घरी जाईन.

१० ऑगस्ट
बुधियाबाईच्या सुनेनं गावातून धोतर आणलं. पांढरंशुभ्र, घडी न मोडलेलं. माझी कात्री चालेना. बुधियाबाईच म्हणाली, "माह्या बुढ्याचं हाय. फाड ना बाई, आता त्याले कायले लागते धोतर! तू काऊन रडून राहिली?"
फाडलं. उकळलं, ड्रममध्ये घातलं, दुपारी ड्रेसिंग केलं. जखमेची कड काळसर वाटली. डॉ. म्हणतात, उद्या बघू.
अर्धं धोतर उरलंय. बस अजून बंदच आहे.