पत्रिकेत छापलेलं बी.ई.

घाटंजी, २२ मे

प्रिय निकिता,

फोनवर मी 'बरी आहेस ना' विचारतो, तू 'हो' म्हणतेस, आणि चौतीस वर्षं वर्गात बडबडलेल्या मास्तरला पुढचा शब्द सापडत नाही. म्हणून पत्र. शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नकोस, तो माझा धंदा होता.

तुझी आई रजतकडे पुण्याला जाऊन चार महिने झाले. नातू गोड आहे म्हणे, व्हिडिओत नुसतं कपाळ दिसतं. रजत बी.ई. होऊन अजून क्रेडिट कार्डं विकायला लोकांना फोन करतो. परवा चुकून मलाच लागला. पाठ केलेली दोन वाक्यं बोलला आणि आवाज ओळखून त्याने फोन ठेवला. त्याला दोष नाही, डिग्रीपर्यंत रेटत मीच नेलं. इथे मी सकाळीच दोन वेळची खिचडी टाकतो. घर खायला उठतं, पोरी. बाजाराच्या दिवशी जुने विद्यार्थी ओट्याशी थांबून नमस्कार करतात, तेवढंच बोलणं.

तू आय.टी.आय.ला जाते म्हणालीस तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो. गुरुजींची पोरगी स्टुलावर चढून लोकांचे पंखे जोडणार! पुढे रजतच्या लग्नपत्रिकेत सगळ्यांच्या डिग्र्या छापताना तुझ्याही नावापुढे बी.ई. घातलं. तुला विचारलंसुद्धा नाही. प्रूफ मीच तपासलं आणि एकही चूक नाही म्हणून सही केली.

मग ती मे महिन्यातली दुपार. मंडपातले कूलर एकदम बंद पडले. तू पदर खोचलास, कुणाकडून तरी टेस्टर घेतलास आणि बोर्डाकडे निघालीस. मी व्याह्यांसमोर तुझं मनगट धरलं. पत्रिकेतली इंजिनिअर वायर जोडताना दिसली असती तर माझी अब्रू गेली असती ना! दुसरा माणूस यायला पाऊण तास लागला. तोवर हंसाआत्या भोवळ येऊन पडली. तू कांदा फोडून तिच्या नाकाशी धरलास, तिला सावरलंस, आणि न जेवता वणीच्या बसमध्ये बसलीस. याला तीन वर्षं झाली. तुझं मोटार वाइंडिंगचं दुकान मी अजून पाहिलेलं नाही. तू बोलावलं नाहीस आणि मीही कधी विषय काढला नाही.

आता पत्राचं खरं कारण. आपला कूलर बंद पडून नऊ दिवस झाले. धावजी मिस्त्री समोरच राहतो. काल पानठेल्यावर म्हणाला, "गुर्जी, काहून उकडून घेऊन राह्यले? दहा मिनिटाचं काम हाय." मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, माझी पोरगी इलेक्ट्रिशियन आहे, वणीला तिचं दुकान आहे, ती येऊन करेल. कुणीतरी म्हणालं, "थे तं इंजिनेर होती नं?" मी म्हणालो, नाही, ते मी खोटं छापलं होतं. निकिता, मला तुझी फार आठवण येते. ये. आपलं स्टूल डुगडुगतं, ते मी धरीन. या वेळी तुझा हात धरणार नाही.

तुझाच,
बाबा