तक्रार मिटली आहे

१२ जानेवारी
पोलंडच्या या कोपऱ्यात, वाउब्झिख गावात पहिला दिवस. सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा नोकरी लागली, त्यामुळे स्टेशनबाहेरचा काळपट बर्फसुद्धा मला देखणा वाटला. कंपनी गावभरचे गॅस गिझर दुरुस्त करते. ग्राहकांच्या तक्रारी ज्या सॉफ्टवेअरमधून फिरतात, ते ताळ्यावर आणणं माझं काम. आपोआप चालणारे नियम त्यात इतके साठलेत की एकाचा पाय दुसऱ्यात अडकतो. साहेबांचं नाव झेनोन. म्हणाले, बायको परवडली पण हे सॉफ्टवेअर नको, जरा गोडीत घ्या. दुपारी त्यांनीच बीटचं सूप पाजलं. राहायला कंपनीच्या दोन खोल्या आहेत, जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. खिडक्यांच्या फटींतून वारा घुसत होता, त्या चिकटपट्टीने बुजवल्या. आता झकास ऊब आहे. माझी बायको हालिना चोवीसला येईल. दुसरी किल्ली तिला टपालाने पाठवली.

१४ जानेवारी
घोळ सापडला. एक नियम असा: तक्रारीला मेकॅनिकची तारीख मिळाली की ती ‘मिटली’ म्हणून बंद करायची. दुसरा असा: तक्रार मिटली की मेकॅनिकची फेरी रद्द करायची, कारण मिटलेल्या कामाला माणूस कशाला पाठवायचा? दोन वेगळ्या माणसांनी वेगळ्या वर्षी लिहिलेले हे नियम. एकेकटे अगदी शहाणे. एकत्र आले की माणूस फोन करतो, तारीख मिळते, तक्रार मिटते, तारीख जाते आणि त्याला आभाराचा निरोप पोचतो. घरी कुणी येतच नाही. वेबसाइटवरून आलेल्या तक्रारी यातून सुटतात. अडकतात त्या फोनवरच्या. आणि फोन करतात ती म्हातारी माणसं.

१६ जानेवारी
अडकलेले फोन ऐकत बसलो. ब्रोनिस्वावा नावाच्या आजीबाईंचे तर किती तरी. आवाज खणखणीत. ‘अरे बाळा, ज्योत पिवळी झालीय रे. आंघोळ केली की डोकं जड होतं. तुमचा माणूस आला नाही, त्याच्यासाठी खसखशीचा केक करून ठेवला होता, शेवटी मीच खाल्ला.’ पुढच्या फोनमध्येही राग नाही, नुसती विचारपूस. तुमचा माणूस आजारी तर नाही ना?
पत्ता जवळचाच होता. जेवणाच्या सुट्टीत गेलो. शेजारणीने दार किलकिलं करून सांगितलं की बाई बुधवारी टबात सापडल्या. गिझरचा धूर. त्या विषारी वायूला वास नसतो, कळतच नाही. पुढे म्हणाली की पोलीस आले तेव्हा बाईंचा फोन वाजत होता. कंपनीची रेकॉर्ड केलेली बाई विचारत होती, आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का.
बुधवारी म्हणजे चौदा तारखेला. मी घोळ सापडला म्हणून खूश होतो त्या दिवशी.

१९ जानेवारी
झेनोनसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. म्हणाले, ‘लेशेकराव, थंडी सरेपर्यंत त्याला हात लावू नका. तक्रार एका दिवसात मिटते या बोलीवर कंत्राट टिकून आहे.’ मी विचारलं, आणि माणसं? ते खिडकीकडे बघत म्हणाले की माणसं दर हिवाळ्यात जातात, आपण नव्हतो तेव्हाही जायची.
आवाज शांत होता.
जागेवर आलो आणि दुसरा नियम बंद करून टाकला.

२० जानेवारी
सकाळी नियम पुन्हा चालू. माझे अधिकार काढून घेतले, आता फक्त बघता येतं. अग्निशमन दलाला फोन केला. लेखी द्या म्हणाले. दिलं.
आजही फोन येत होते. तारीख, मिटली, रद्द. एकामागून एक.

२२ जानेवारी
डोकं ठणकतंय. उलटी झाली. आधी वाटलं, थंडी बाधली. मग न्हाणीघरात जाऊन पाहिलं, माझ्याही गिझरची ज्योत पिवळट. तिथल्या तिथे बंद केला. वेबसाइटचं सुचलंच नाही, कंपनीत फोन लावला, इतरांसारखाच. उद्याची तारीख मिळाली. लगेच मागून आभाराचा निरोप. हसू आलं, ते थांबेना.
असो. गिझर बंद आहे, म्हणजे धोका टळला.

२३ जानेवारी
कामावर गेलो नाही. गिझर बंद, तरी डोकं तसंच. हालिनाचा फोन आला होता. म्हणाली, प्यायलास का रे, जीभ जड झालीय तुझी. उद्या दुपारच्या गाडीने येते, मग बघते तुझ्याकडे. नको येऊस म्हणायचं होतं. का, ते आठवेना.

२४ जानेवारी
झोप. सारखी झोप.
माझा गिझर बंद आहे. मग हे —
खालच्या घरात पाणी वाहतंय. त्यांचा गिझर. धुराडं एकच, त्यांचं आणि माझं, त्यांचा धूर इथे —
लॅपटॉपवर पाहिलं. खालचं घर. फोनवरून तक्रार. मिटली. परत तक्रार. मिटली. परत —

खिडकी उघडायची. पट्टी निघत नाही. नखं —
पाय नाहीत. म्हणजे आहेत, पण —

जमिनीवर आहे. फोन पलंगाखाली गेला. वाजतोय. हात पोचत नाही. कंपनीची ती रेकॉर्डवाली बाई असणार, समाधानी आहात का —

जिन्यावर पावलं. किल्ली फिरली.
हालिना. बूट काढतेय. आतून दार लावून घेतलं तिने. म्हणतेय, अगंबाई, किती छान ऊब आहे इथे —
हाक निघत नाही. हे पान धरतो वर. दिसेल तिला.
हालिना थांबू नकोस दार उघड बाहेर जा खालच्यांना सां —