साफ केलेल्या कॅसेटी

धुळे, मंगळवार, संध्याकाळ

ह्यांनी गावोगाव फिरून म्हाताऱ्यांच्या आठवणी टेप केल्या होत्या. हे गेल्यावर त्या कॅसेटी मीच जळगावच्या कॉलेजला दिल्या. आज तिथल्या सरांनी संगणकावर साफ केलेली पहिली कॅसेट, एका आजीबाईंची, ऐकवली.

"अक्का, मधला खोकला, हं-हं, बठ्ठं, सगळंच काढलं. आता वर्गात आजीबाई स्पष्ट ऐकू येतात."

तो खोकला ह्यांचा होता. ते "हं, मग?" ह्यांचं. आणि मी म्हणाले, "छान झालं." का म्हणाले?

बाकीच्या उद्यापासून साफ करणार, मग मूळ कॅसेटी भंगारात. फोन हातात घेते, ठेवते. विधवेचा हट्ट वाटेल? पण आजीबाई एवढं मनातलं कोणापाशी बोलल्या, हे पोरांना कसं कळणार? एवढंच विचारते. लावतेच फोन.