प्लॅस्टिकच्या अलीकडे

८ डिसेंबर १९९७
आलो एकदाचा नाशिकला! अंबडच्या कारखान्यात माल तपासायची नोकरी आणि सिडकोत स्वतंत्र खोली, आणखी काय हवं? सविता बाळंतपणासाठी धुळ्याला माहेरी आहे. महिनाअखेरीस बाळाला घेऊन येईल. पलंगाजवळच्या भिंतीला तेवढी ओल आहे. ती गेल्याशिवाय बाळाला पाठवणार नाही, असं सासूबाईंनी बजावलंय. शेजारच्या सिंधुबाई म्हणाल्या, खोली लय दिवस बंद व्हती, तिला माणसाची सवय नाय. मला हसू आलं. भिंतीला कसली आलीय सवय!

१२ डिसेंबर
पाऊस केव्हाच संपला. गच्ची कोरडी, नळही अंगणात. मग ही ओल येते कुठून? भिंतीवर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवला. थेंब कागदामागे धरले तर पाणी भिंतीतलं. अलीकडे धरले तर खोलीतल्या हवेतलं, म्हणजे स्वयंपाकाच्या वाफेचं, श्वासाचं. तपासनीस उगाच नाही झालो.

१४ डिसेंबर
थेंब अलीकडेच. पण मी जेवतो खानावळीत, दिवसभर असतो बाहेर. एकट्याच्या श्वासाने एवढं पाणी?
संध्याकाळी फार एकटं वाटतं. भिंतीकडे तोंड करून बाळाविषयी बोलत बसतो. वेडेपणाच, पण बरं वाटतं.

१९ डिसेंबर
कागद पुसून कामावर गेलो होतो. परत आलो तर मधोमध वाफेचा गोल. विरला, पुन्हा उमटला. मी श्वास रोखून धरला. तरी उमटत होता —

२३ डिसेंबर
कडाक्याची थंडी. कंपनीच्या बसची वाट पाहताना सगळ्यांच्या तोंडून वाफ निघत होती. माझ्या नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. दुसरीकडे राहायचं ठरवलं, पण सिडको-अंबड सोडलं की दम कोंडतो. खोलीत परतलो की सुटतो.

२६ डिसेंबर
एसटीडी बूथवरून सविताला फोन. येऊ नकोस म्हणायचं होतं. ओठ हलले, आवाज फुटेना. ती नुसती हॅलो हॅलो करत राहिली. पत्र टाकलंय. वेळेत पोचलं तर —

२८ डिसेंबर
रिक्षा थांबली. सविताच. बाळ रडतंय. दाराला पाठ लावून लिहितोय. ओरडतो, पण आवाज नाही. ती विचारतेय, अहो, आहात ना आत —
उत्तर गेलं. भिंतीतून. माझ्याच आवाजात. ये गं, ओल गेली, बाळाला आण.
ती दार ढकलतेय. हे पान फटीतून सरकवतो —
सविता, तो मी नाही. बाळाला घेऊन मागे फि