फ्यूजला अरबी नाव

शुवैख, १२ मार्च १९६२
ती. अब्बांस इद्रीसचा सलाम. वि. वि.

इथे अरबांच्या मुलखात, आमच्या विजेच्या वर्कशॉपात आता प्रत्येक खोक्यावर अरबी नाव लिहायचं आहे. आमचे वरिष्ठ हुसेनसाहेब स्वतः अरब, पण फ्यूजला तेही फ्यूजच म्हणतात. स्टोअर माझ्याकडे, म्हणून काम माझ्याच गळ्यात आलं. तुमचं अरबी किताबातलं, त्यात वीज कुठली, असं मी घरी चिडवत असे. आता तुमच्याकडेच मागतो. यादी सोबत आहे. झुलेखाला सांगा, तिचा भाई अत्तर पाठवतो, पण तिचं पत्र चार ओळींहून लांब हवं.

तुमची माया आहे तशीच असू द्या.
इद्रीस

जयगड, २ एप्रिल १९६२
चि. इद्रीस यास अनेक दुआ. वि. वि.

यूसुफला विहिरीतून काढणाऱ्या तांड्याला कुराणात 'सय्यारा' म्हटलं आहे. तुमच्याकडे आज मोटारीला तोच शब्द चालतो, म्हणजे जुना शब्द नव्या वस्तूलाही लागू होतो. फ्यूज म्हणजे स्वतः जळून घर राखणारी तार ना? मग तिला 'अमीन' म्हण, ज्याच्या हवाली काहीही निर्धास्त ठेवावं असा. तेवीस नावं पाठवतो. आठवडाभर कोश मांडीवर होता. जेवतानाही, अशी झुलेखाची तक्रार आहे. साहेब कशावर अडले, कशावर खूश झाले, सविस्तर कळव.

तब्येतीला जप, आम्हांला विसरू नकोस.
हमीद

जयगड, २० ऑक्टोबर १९६३
भाईस झुलेखाचा सलाम.

शब्द साहेबांना पसंत पडले नाहीत, एवढंच तू गेल्या वर्षी कळवलंस. तेव्हापासून अब्बांनी कोश हातात धरला नाही. गेल्या जुम्म्याला त्यांनी घरचा मुलींचा अरबीचा वर्ग बंद केला. शिकायला येणाऱ्या असमाला आणि शेजारच्या त्या दोघी बहिणींना म्हणाले, माझी विद्या आता कुणाच्या उपयोगाची नाही. कोशही शाळेला देऊन टाकला. भाई, तेवीसमधला एकही शब्द चालला नाही का? खरं लिही.

तुझीच,
झुलेखा

शुवैख, ५ नोव्हेंबर १९६३
ती. अब्बांस,
सलाम लिहायलाही हात धजत नाही.

सगळे शब्द चालले. साहेबांनी विचारलं, "ही नावं कोणी शोधली?" मी म्हणालो, "मी." तुमची यादी मी आधीच माझ्या अक्षरात उतरवून ठेवली होती, म्हणजे लबाडी आधीपासूनच मनात होती. मला ऑफिसात टेबल मिळालं, लोक उस्ताद म्हणू लागले. खरं कळवलं असतं तर तुम्ही साहेबांना आभाराचं पत्र लिहिलं असतं आणि माझं बिंग फुटलं असतं. त्या भीतीने खोटं कळवलं. वर्ग बंद झाल्याचं वाचल्यापासून अन्न गोड लागत नाही.

काल साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मला परत स्टोअरवर पाठवलं आणि यादीवर स्वतःच्या हाताने तुमचं नाव घातलं.

माफी मागायला तोंड नाही.
इद्रीस

जयगड, ३० नोव्हेंबर १९६३
चि. इद्रीस यास दुआ.

नावाचं मला काही नाही. पण दीड वर्ष माझे शब्द माणसांच्या तोंडी होते आणि मी इथे ते मेले म्हणून बसलो होतो. हे तू होऊ दिलंस. पोरींना परत बोलावलं. असमा आली. त्या दोघी बहिणींची लग्नं ठरली, आता त्यांना घरून सोडत नाहीत. त्यांचं शिक्षण राहिलं ते राहिलंच.

राग आहे. तो पत्रात मावत नाही, घरी आलास की बोलू. तोवर एक कळव. तिथले कामगार 'अमीन'चं अनेकवचन व्याकरणाप्रमाणे 'उमना' करतात, की त्यांचं आपलं वेगळंच काही? जे कानावर पडेल तेच लिही.

हमीद