चार ठाण्यांवर ऐकू गेलेले आत्मचिंतन

४ मार्च, मंगळवार. सकाळी ६.१०

पोथीवाचन झाले. चित्त प्रसन्न. आज नव्या वहीस आरंभ. ही वही माझ्यावाचून कोणी वाचणार नाही. तेव्हा तीत असत्यास जागा नाही.

निवृत्तीस आठ आठवडे उरले. चौतीस वर्षे या कार्यशाळेत सैन्यासाठी रेडिओ घडवले, पण सारे दुसऱ्यांच्या आराखड्यांवरून. पाठीवर वाहून नेण्याचा हा नवा संच तेवढा पहिल्या रेघेपासून माझा. ५ एप्रिलला टेकडीवर मेजरसाहेब त्याची परीक्षा घेणार. उत्तीर्ण झाला, तर आराखडाकार म्हणून माझे नाव पितळी पट्टीवर कोरले जाईल आणि ती पट्टी प्रत्येक संचावर बसेल. अर्थात मला फळाची आसक्ती नाही. पट्टीवरील अक्षरे कशी असावीत याचे चार नमुने मात्र काढून ठेवले आहेत.

आजपासून मितभाषण आणि क्रोधत्याग. शिवाय संचाचे वजन साडेतेरा किलोंवरून अकरावर आणणे. मन जिंकल्यावर वजनाचे काय मोठेसे!

५ मार्च, बुधवार

मितभाषणाचा पहिला दिवस उत्तम गेला. त्याचे महत्त्व कार्यशाळेत सर्वांना समजावून सांगितले. अडीच तास लागले.

फिटर माझ्याच वयाचा; हातात पाना आला की कोणाचे ऐकत नाही. तो म्हणाला, की शास्त्रीबुवा, तुम्ही गप्प बसणार हे सांगायलाच इतका वेळ, तर खरंच गप्प बसायला किती लागेल? अज्ञ मनुष्य. क्षमा केली. क्षमा कशी करावी, हेही त्यास सांगितले.

८ मार्च, शनिवार

बटणाचा वाद.

आमच्या संचांची रीत अशी, की बटण दाबून बोलायचे आणि सोडून ऐकायचे. एक जण बोलत असेल तोवर बाकी सर्वांनी मुकाट ऐकायचे. मध्येच तोंड घालण्याची सोयच नाही. संवादाची याहून आदर्श व्यवस्था मला ठाऊक नाही. जुन्या संचांत बटणाखाली स्प्रिंग असते. बोट उचलताच ते वर येते. मी ती स्प्रिंग काढली. माझे बटण एकदा दाबले की दबलेलेच राहते. बोलणे संपले की पुन्हा दाबून उठवायचे. सैनिकाचा हात मोकळा राहतो.

ठिणगीने हरकत घेतली. ही आमच्याकडची तिशीतली इंजिनिअर. हे नाव कार्यशाळेनेच ठेवलेले, आणि ते तिच्या जिभेवरून ठेवलेले. म्हणाली, की काका, एखादा पुन्हा दाबायला विसरला तर? सगळ्यांची तोंडं बंद, आणि त्या शहाण्याला पत्ताच नाही! मी शांतपणे उत्तरलो, की सुज्ञ मनुष्यास आपले बोलणे संपले हे कळते. यावर तिने काढलेली स्प्रिंग उचलून आपल्या खणात ठेवली. पटले असावे.

क्रोधत्याग अभंग. फक्त आवाज चढला होता.

१४ मार्च, शुक्रवार

वजन तेरा किलो चारशे. फिटरने खांद्याचा पट्टा कापला. शंभर ग्रॅम गेले. आता पट्टा खांद्यापर्यंत पोहोचत नाही. पुन्हा जोडला.

ठिणगी म्हणते, लोखंडी पेटी टाकून ॲल्युमिनियमची घ्या. लोखंडास गांभीर्य असते, हे तिच्या वयास कळायचे नाही.

सौभाग्यवतीने विचारले, की रोज सकाळी वही लिहिताना कोणाशी बोलता? म्हटले, कोणाशीही नाही. पाठांतराची जुनी सवय, अक्षराबरोबर ओठ हलतो. म्हणाली, की ओठ कसला, सगळा जिना ऐकतो. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी काल तुमच्या पोटाची चौकशी केली. अतिशयोक्ती हा तिचा आवडता अलंकार.

२२ मार्च, शनिवार

आनंदवार्ता! तीन किलोमीटरवर दम टाकणारा आवाज आज आठ किलोमीटर गेला. ठिणगीने अँटेनाची कॉइल नव्याने गुंडाळली होती. रिपोर्टमध्ये ‘आराखडाकाराच्या मार्गदर्शनाखाली’ असे लिहिले. मार्गदर्शन खरोखरच झाले: ती गुंडाळत असता मी शेजारी उभा राहून, शब्द हा आकाशाचा गुण कसा, हे विशद करीत होतो. तिने कानांत कापूस घातला होता. तरी संस्कार केवळ कानांवाटेच होतात असे थोडेच आहे?

३१ मार्च, सोमवार

वजन तेरा किलो. महिनाभराच्या तपश्चर्येतून अर्धा किलो.

मेजरसाहेबांचा फोन. म्हणाले, की अकरा म्हणजे अकरा. माझ्या पोरांना ते धूड घेऊन डोंगर चढायचाय, मी स्वतः काटा घेऊन येतोय. मी ग्रॅम आणि गुण यांतील भेद सांगू लागलो. फोन कटला. लाइन खराब असावी.

२ एप्रिल, बुधवार

मार्ग दिसला!

आजच्या वाचनात नेमके अपरिग्रहाचे प्रकरण आले. गरजेहून अधिक जवळ बाळगणे हा दोष. संचात बॅटऱ्या दोन: एक वापरातली, एक राखीव. राखीव म्हणजे उद्याची चिंता, आणि उद्याची चिंता म्हणजे आजची अश्रद्धा. राखीव बॅटरीचे वजन दोन किलो दहा ग्रॅम. वजाबाकी केली: दहा किलो नऊशे नव्वद. इतका नेमका योग गणिताने जुळत नसतो.

बॅटरी फडक्यात गुंडाळून घरच्या कपाटात जुन्या पोथ्यांमागे ठेवली. रिकाम्या कप्प्याचे झाकण स्क्रूने घट्ट केले. यास कपट म्हणता येणार नाही. हे व्रत आहे, आणि व्रत गुप्तच ठेवावे.

५ एप्रिल, शनिवार. सकाळी ९.३०, टेकडीवरचा तंबू

पाच ठाणी, पाचांवर माझे पाच संच. मुख्य ठाणे हे. काट्यावर इथला एकच ठेवला: दहा किलो नऊशे नव्वद. मेजरसाहेबांनी एक भुवई उचलली. ठिणगीने संचाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी आकाशाकडे पाहिले.

मेजरसाहेब जीपने दुसऱ्या ठाण्यावर गेले, ठिणगी सर्वांत दूरच्या पाचव्यावर.

१०.००

बटण दाबले. मंगल वचन उच्चारून सर्व ठाण्यांना हाक दिली. माइक आकड्यास टांगला. आता त्यांच्या उत्तराची प्रतीक्षा.

१०.०८

फिटर पाणी आणावयास उतरला. हेडफोनमध्ये संपूर्ण शांतता. एक खरखर नाही, एक शिट्टी नाही! चौतीस वर्षांत इतका निर्मळ संच ऐकला नाही. वेळ आहे तोवर वही लिहितो.

१०.२०

अद्याप शांतता. चारही ठाणी थक्क झालेली दिसतात. मेजरसाहेबांच्या मिशा म्हणजे अर्थिंग न दिलेल्या दोन तारा. त्यांतून अधिकार वाहतो अशी त्यांची समजूत. मनुष्य वाईट नाही. पण ज्याला काटा कळतो त्यास तत्त्व कळेलच असे नाही.

१०.३१

एकान्तात सत्य लिहावे. कॉइल ठिणगीची. मला तीन वर्षांत जे सुचले नाही ते तिला एका दुपारी सुचले. पोर माझ्याहून हुशार आहे. तोंडावर कधी म्हणणार नाही. उगाच तिला गर्व व्हायचा.

१०.३८

दुसरे सत्य. राखीव बॅटरी पोथ्यांमागे आहे. तीवाचून संच सहा तासांत मुका होईल, हेही मला ठाऊक आहे. मन थोडे खाते. पण हे जाणणारे जगात दोघेच: मी आणि ही वही.

१०.४७

उताराखाली धूळ. जीप! मेजरसाहेब जीपमध्ये उभे राहून दोन्ही हात हलवीत आहेत. अभिनंदनाची एवढी घाई! चेहरा नम्र करून ठेवतो.

६ एप्रिल, रविवार

लिहिण्यासारखे काही नाही.

७ एप्रिल, सोमवार

तोंडात लवंग धरून लिहीत आहे. ओठ मिटलेले राहावेत म्हणून सौभाग्यवतीची युक्ती.

सत्यास स्मरून लिहितो. मेजरसाहेब उतरले. मिशांवरून हात फिरवला, आधी डावीकडून, मग उजवीकडून. वाकले आणि बटण पुन्हा दाबले. त्यासरशी हेडफोनमध्ये कुठल्याशा ठाण्यावरचे सात-आठ जवान हसताना ऐकू आले. बरेच आधीपासून हसत असावेत. मेजरसाहेब म्हणाले, की साहेब, तत्त्व समजलं. आता बॅटरी घेऊन या.

फिटर घागर घेऊन वर आला. म्हणाला, की खालच्या ठाण्यावर सगळे माना डोलवत बसलेले. मला वाटलं, शास्त्रीबुवांनी परीक्षा सोडून प्रवचन लावलं. त्यांच्यातला एक मला विचारतो, हे आजोबा श्वास कधी घेतात?

ठिणगी शेवटी पोहोचली. मी तिच्या रागास उत्तर तयार ठेवले होते. ती म्हणाली, की काका, आठ किलोमीटरवर शब्द न् शब्द स्वच्छ आला. डोळ्यांत पाणी होते. वाटेवर धूळ फार.

घरी येऊन कपाट उघडले. सौभाग्यवती म्हणाली, की हे फडकं मी बुधवारपासून शोधतेय. बॅटरीविषयी काही विचारले नाही. न विचारण्याची तिची पद्धत विचारण्याहून कठीण.

मात्र बटणात दोष नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. सुज्ञ मनुष्यास आपले बोलणे संपले हे कळतेच. माझे संपले नव्हते.

१७ एप्रिल, गुरुवार

संच मंजूर! आठ किलोमीटरवर सलग सत्तेचाळीस मिनिटे स्पष्ट आवाज. अशी कठोर चाचणी आजवर कोणीच घेतली नव्हती, असे पत्रातच आहे.

काही किरकोळ अटी आहेत. बटणाखाली स्प्रिंग. राखीव बॅटरी परत कप्प्यात. पेटी ॲल्युमिनियमची, ठिणगीच्या आराखड्याप्रमाणे. वजन भरले दहा किलो आठशे. पट्टीवर नाव तिचे.

मग माझे काय उरले, हे फिटरसह शोधले. त्याने संच उलटासुलटा केला आणि म्हणाला, की हे मागचं बक्कल. ते त्यानेच बसवले होते. मी त्यास आठवण करून दिली नाही.

नावाची आसक्ती मला नव्हतीच. अक्षरांचे चारही नमुने ठिणगीला देऊन टाकले. तिसरा तिला आवडला. तिचे नाव लहान असल्याने खाली एका ओळीपुरती जागा उरते, हे सहज सुचवले. ती म्हणाली, की काका, तिथे बॅटरी तपासायची सूचना येणार आहे.

३० एप्रिल, बुधवार. दुपारी ४

सेवेचा अंतिम दिवस. आणि केवढा सन्मान! सिग्नलच्या नव्या जवानांच्या वर्गावर मेजरसाहेबांनी बोलावले. कोटास इस्त्री केली. व्याख्यानाचे एकोणचाळीस मुद्दे काढले, पूर्वपीठिका निराळी.

मेजरसाहेबांनी पहिल्या रांगेत बसवले. म्हणाले, की साहेब, तुम्ही बोलायची तसदी नका घेऊ, तुमचं भाषण आमच्याकडे आहे. त्या दिवशी दुसऱ्या ठाण्यावर टेप चालू होता! फळ्यावर पाठाचे नाव: ‘बटण उठवायला विसरल्यास काय होते’. दर वर्षी, दर तुकडीला हा पाठ. म्हणजे माझी वाणी अभ्यासक्रमात लागली. साठ जवान टेबलांवर डोकी ठेवून हसले. ज्ञान आनंदाने ग्रहण करावे ते असे. मिशांचा भाग मेजरसाहेबांनी स्वतः दोनदा लावायला सांगितला. मशीनपाशी ठिणगी होती. ‘पोर माझ्याहून हुशार आहे’ हे वाक्य आले तेव्हा तिने मान खाली घातली. आवाज मात्र कमी केला नाही.

पण बॅटरीचा भाग आलाच नाही. कॉइलवरून थेट जीपच्या धुळीवर. बाहेर आल्यावर तिला विचारले. ती म्हणाली, की काका, तिथे खूप खरखर होती, काही कळतच नव्हतं, म्हणून मी कापून टाकला. फिटर घाईघाईने म्हणाला, की हो हो, फार खरखर; शास्त्रीबुवा, चला आता घरी.

खरखर! माझ्या संचात! शब्द न् शब्द स्वच्छ आला म्हणणारी हीच ना? चौतीस वर्षांच्या सेवेवर जाता जाता हा डाग मी सहन करणार नाही. अर्ज लिहून ठेवला आहे. उद्या सकाळी स्वतः मेजरसाहेबांच्या हाती देणार. मागणी एकच: मूळ टेप सर्व जवानांस, विशेषतः तेवढाच भाग, मोठ्या आवाजात पुन्हा ऐकवावा.