भिंग उतरवून घातलेला टाका

सर, भिंगाच्या बाबतीत तुमचंच चुकलं होतं. तुम्ही असताना मी हे तोंडावर बोलले, तेव्हा आठवडाभर मला ऑपरेशनला उभं केलं नाहीत. आता कोण अडवणार? आदिलाबादच्या त्या दवाखान्यात तुम्ही मला ज्वारीच्या ओल्या पानावर टाके घालायला बसवायचात. पान फाटलं की म्हणायचात, "हाताले दिसू दे, पोरी. भिंगाची सवय लागली का हात आंधळा होते." मला ते तेव्हाही पटलं नाही. एवढ्याशा लेकराची लघवीची वाट बांधायची, केसासारख्या धाग्यानं, आणि मोठं करून पाहायचं नाही? हा कसला हट्ट!

तामसीकडचा तो मुलगा. लघवीचं भोक जन्मापासून खालच्या अंगाला, त्यामुळे पाच वर्षांचा झाला तरी बसूनच करायचा. शाळेत पोरं हसतील म्हणून आई धास्तावलेली. नवी वाट तुम्ही नुसत्या डोळ्यांनी बांधलीत आणि टोकाचा, शेवटचा टाका मला दिलात. मी भिंगाचा चष्मा चढवते आहे, आणि तुम्ही म्हणता, "उतरव तो." मी उतरवते. पंधरा दिवसांनी आई परत आली. "साहेब, दोन ठिकाणून मुतून राह्यलं ना हो लेकरू." तुम्ही तिच्यापुढे हात जोडलेत. "माह्यं चुकलं, बाई." मी शेजारीच उभी होते.

सहा महिन्यांनी ते दुसरं भोक मी बुजवलं, भिंग लावून. तुम्ही समोर होतात, पण या वेळी "उतरव" म्हणाला नाहीत. भिंगातून मला सगळं स्वच्छ दिसत होतं. तुमच्या टाक्यांची ओळ शेवटपर्यंत धडधाकट होती, फाटलं होतं ते टोकाला. लघवीसाठी घातलेली नळी काढल्यावर तो पोरगा दवाखान्याच्या मागच्या भिंतीशी उभा राहिला. एकच धार, सरळ. आई पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, कोण जाणे.

आज माझ्या हाताखालचं कुणीही भिंगाशिवाय लेकराला सुई लावत नाही. मी लावूच देत नाही. ज्वारीच्या पानावर मात्र सगळ्यांना बसवते, तेवढं तुमचं. आणि दर वर्षी नव्या मुलांना एका हट्टी सर्जनची गोष्ट सांगते, ज्यानं भिंग लावलं नाही आणि टाका सुटला. सगळे मान डोलावतात. टाका कोणाचा होता, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.